वहीतली सात कलमं

2013 चा उन्हाळा ज्यांनी तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात काढला, त्यांना टँकरच्या खेपा अजून आठवत असतील. आमची एक एकर द्राक्षबाग त्या उन्हाळ्यात गेली. अण्णांनी विकतचं पाणी घालून बघितलं, कारखान्यावरून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणून वेलींच्या बुडात पसरला, आणि मे महिन्यात शेवटी स्वतःच कुऱ्हाड हातात घेतली. बाग जुनी, काडी थेट जमिनीत रोवून केलेली, स्वतःच्या मुळांवरची. बांधापलीकडची, डॉगरिज नावाच्या चिवट वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या बुडख्यावर, कलम केलेली बाग मात्र तग धरून राहिली. पाणी दोघांनाही सारखंच तुटपुंजं मिळालेलं. मी तो फरक रोज शाळेत जाताना बघत होते. त्याच जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला आणि मी अण्णांना म्हटलं, "मला अकरावीला फलोत्पादन घ्यायचंय."

घरी कुणाला ते आवडलं नाही. आमच्याकडं व्होकेशनल म्हणजे ज्याला सायन्स झेपत नाही आणि कॉमर्स कळत नाही त्याची जागा, असं सगळे धरून चालतात. काकू तर म्हणाली, "शेतात राबायचंच हाय तर त्याला शाळा कशाला पायजे?" मला तेव्हा तिला उत्तर देता आलं नाही. आज देता येईल, म्हणून हे लिहितेय.

ज्युनिअर कॉलेज घरापासून बसनं चाळीस मिनिटं. वर्गात आम्ही चोवीस जण, त्यात मुली पाच. इंग्रजी, मराठी, जनरल फाउंडेशन कोर्स आणि फलोत्पादनाचे तीन पेपर. इमारतीच्या मागं पंधरा गुंठ्यांची जागा, त्यात हिरव्या जाळीचं एक शेडनेट, पाण्याची सिमेंटची टाकी आणि अवजारांची पत्र्याची खोली. खरा वर्ग तिथंच भरायचा.

पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली आणि आम्हाला पत्र्याच्या खोलीपुढं उभं केलं. वर्ग साडेसातला सुरू होईल, दहाला नाही. ऊन चढल्यावर रोपांना पाणी घालणं म्हणजे निम्मं पाणी हवेत सोडणं, आणि आपल्या तालुक्यात ते परवडत नाही, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. पायात बूट, चप्पल चालणार नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मुलींनी ओढणी मागं बांधलेली. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणि कलमाचा चाकू प्रत्येकाचा स्वतःचा, आणि काम संपल्यावर तो स्पिरिटनं पुसून, तेलाचं बोट फिरवून जागेवर. चाकू मळका सापडला तर त्या दिवसाच्या प्रात्यक्षिकाचे गुण शून्य, कलम कितीही चांगलं असो. एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्या झाडात जातो, हे त्यांनी नंतर डाळिंबाच्या तेल्या रोगाचं उदाहरण देऊन समजावलं. आटपाडीकडच्या मुलांना ते लगेच पटलं. त्यांच्या घरच्या बागा तेल्यानंच गेल्या होत्या.

मग वही. पक्क्या बांधणीची, दोनशे पानी. पानांवर आकडे हातानं घालायचे, म्हणजे पान फाडलं तर कळेल. लिहायचं पेनानं. चुकलं तर खोडरबर नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी सही. रकाने सहा: तारीख, वेळ, काम, किती केलं, किती जगलं, आणि शेवटचा रुंद रकाना, कारण. मला त्या वेळच्या रकान्याचा फार राग यायचा. सकाळी केलं की दुपारी केलं, काय फरक पडतो?

आणि एक नियम असा होता की ज्यानं मला या विषयात बांधून ठेवलं. प्रत्येकानं प्रत्येक काम करायचं. दर सोमवारी पाळीचा तक्ता लागायचा: पाणी, पिशव्या भरणं, शेणखत चाळणं, अवजारं, कलम. आमच्या भागात द्राक्षाच्या कामाची वाटणी ठरलेली आहे. विरळणी बायका करतात, घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, द्रावणात बायका बुडवतात, काड्या बायका गोळा करतात. छाटणी आणि कलम मात्र टोळीतले गडी करतात, आणि जास्तीची मजुरी त्यांचीच. माझ्या आईनं वीस वर्षं द्राक्षात काम केलं, तिच्या हातात कुणी कलमाचा चाकू दिला नाही. तक्त्यात माझ्या नावापुढं पहिल्यांदा "कलम" आलं त्या संध्याकाळी मी तो चाकू घरी नेऊन तिला दाखवला. तिनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "लई धार हाय, जपून."

चाकू हातात आला तरी वेलीला लावायला दोन महिने लागले. आधी तुतीच्या काड्यांवर पाचरी तासायच्या, दिवसाला पंचवीस. पाचर एका ओढीत उतरली पाहिजे. हात अडखळला, दुसऱ्यांदा पातं फिरवलं की कापावर पायरी पडते, आणि त्या पायरीत हवा राहते. सर पाचर उजेडाकडं धरून बघायचे. सालीच्या लगेच आत जो ओला हिरवट थर असतो, पुस्तकातलं कॅम्बियम, तो खुंटाचा आणि काडीचा एकमेकाला भिडला पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवायची नाही, एका कडेला सरकवायची, म्हणजे निदान एका बाजूचा थर जुळतो. दिसायला ते वाकडं दिसतं, पण जगतं. मधोमध देखणं बसवलेलं कलम मरतं. मी अशा साडेतीनशेच्या वर पाचरी तासल्या. माझ्या डाव्या अंगठ्यावर तेव्हाची पांढरी रेघ अजून आहे.

मध्ये ऑगस्टमध्ये बोर्डोचा दिवस आला. शेतकऱ्याची पोरं आम्ही, बोर्डो मिश्रण, म्हणजे घरीच कालवायचं बुरशीनाशक, प्रत्येकाच्या घरी होतंच, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. सरांनी विचारलं, "एक टक्क्याला किती?" सगळे ओरडले, "एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी." तेवढं सगळ्यांना येतं. मग त्यांनी विचारलं, आधी काय कशात ओतायचं, भांडं कशाचं, आणि झालं हे कशावरून कळतं. तिथं आम्ही गप्प. आम्ही दहा लिटरचं केलं. शंभर ग्रॅम मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, फडक्यात बांधून प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर टांगून ठेवलं होतं. कळीचा चुना सकाळी वेगळ्या बादलीत विझवला, तो फसफसून वाफाळला तेव्हा मागच्या रांगेतले दोघं मागं सरले. चुन्याची निवळी वस्त्रगाळ केली. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात, एकानं ओतायचं, एकानं काठीनं ढवळायचं. आकाशासारखा रंग आला. सरांनी स्वच्छ घासलेला विळा त्यात बुडवला, थोडा वेळ धरला आणि वर काढला. पात्यावर तांबूस थर. म्हणजे मोकळं तांबं शिल्लक आहे, हे मिश्रण पानं जाळणार. अजून चुना घातला, पुन्हा विळा, पुन्हा चुना. तिसऱ्यांदा विळा स्वच्छ निघाला. लोखंडी बादली का नको, याचं उत्तर त्या विळ्यावरच होतं. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं, तिथल्या द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं 1885 मध्ये ते लोकांपुढं मांडलं, हेही त्या दिवशी समजलं. केवडा म्हणजे आपण ज्याला डाऊनी म्हणतो तोच. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी आमच्या बागांमधून तीच निळी पानं दिसतात, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या संध्याकाळी मी अण्णांना विचारलं, "तुम्ही विळा बुडवून बघता का?" अण्णा म्हणाले, "रंगावरनं कळतंय की." पुढं त्यांनी विळा बुडवायला सुरुवात केली, मला न सांगता. बादलीशेजारी घासलेला विळा पडलेला दिसला तेव्हा मला कळलं.

विकतच्या औषधांना मात्र आम्हा विद्यार्थ्यांना हात लावायची परवानगी नव्हती. डब्यावरचा त्रिकोण वाचायला शिकवलं: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रिकामा डबा घरी नेऊन धान्य ठेवणाऱ्यांची उदाहरणं आमच्याच गावांतली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वीस खुंटं मिळाली. डॉगरिजची, सहा महिन्यांची, पेन्सिलीपेक्षा जरा जाड. कलमकाडी थॉम्पसन या द्राक्षाच्या जातीची, चांगली पिकलेली, तपकिरी. काड्या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. जमिनीपासून दीड फुटावर खुंट सपाट कापायचं, मधोमध दीडेक इंच चीर द्यायची, दोन डोळ्यांची काडी पाचर करून बसवायची आणि कलमपट्टी खालून वर, कौल घातल्यासारखी, गुंडाळायची, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. माझी तेरा कलमं जेवणाच्या सुट्टीआधी झाली. सात नंतर.

तीन आठवड्यांनी तेरांवर डोळे फुगले, कापसासारखी लव दिसली, मग पोपटी पान. सात तशीच काळी पडली. मी रोज त्यांच्यापुढं जाऊन उभी राहायचे. वर्गात आधीच कुजबुज होती की मुलींचा हात कलमाला हलका पडतो. मोजणीच्या आदल्या दिवशी मी लवकर आले, सातही खुंटं उपटली आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली. वहीत लिहिलं: केलं तेरा, जगलं तेरा.

सरांनी वही बघितली. काही बोलले नाहीत. माझ्या वाफ्याकडं गेले आणि उकरलेली माती बघत उभे राहिले. मग विचारलं, "सात कुठं गेली?"

मी खड्डा दाखवला.

"घेऊन ये."

मला वाटलं होतं, सगळ्यांपुढं बोलणार. त्यांनी सातही खुंटं टेबलावर ओळीनं ठेवली आणि माझाच चाकू मला दिला. पट्ट्या सोडायला लावल्या. कलमं उभी चिरायला लावली. पाचरी चांगल्या होत्या. थर जुळलेला होता. पट्टी घट्ट होती. काडी मात्र आतून कोरडी, साल चिकटून बसलेली. त्यांनी माझी वही उघडली. आकडा मी खोटा लिहिला होता, पण वेळ त्या दिवशीच लिहून टाकलेली होती, ती खरी होती: सकाळी आठ ते साडेदहा, आणि पुढं बारा ते साडेबारा. "साडेदहा ते बारा काड्या कुठं होत्या?" त्यांनी विचारलं. आणि मला आठवलं. गोणपाट उघडं टाकून मी डबा खायला गेले होते. शेडनेटच्या बाहेर, कट्ट्यावर, उन्हात. दीड तास.

"तुझ्या हातानं नाही मेली ही," सर म्हणाले. "उन्हानं मेली. पण तू तर सांगितलंस की ती नव्हतीच. मग हे कधी कळलं असतं?"

आकड्यांवर आडवी रेघ मारून मी सही केली. वीस, तेरा. शेवटच्या रकान्यात लिहिलं: काड्या दीड तास उन्हात राहिल्या. त्यातली एक चिरलेली काडी सरांनी मला चिकटपट्टीनं त्याच पानावर लावायला सांगितली.

मी घरी येऊन रडले, ते खरं. पण मुलींच्या हलक्या हाताची कुजबुज माझ्या डोक्यातून त्या दिवशी कायमची गेली, कारण कलमं मरण्याचं खरं कारण सापडलं होतं आणि ते हाताशी संबंधित नव्हतं.

सरांनी दुसऱ्या दिवशी नाव न घेता वर्गाला 2010 सालची गोष्ट सांगितली. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले, ज्याला आपल्याकडं सगळे सीसीसी म्हणतात. माल अडकला, द्राक्षवाल्यांचं प्रचंड नुकसान झालं. निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर प्लॉटचा माग काढता येतो, कोणत्या दिवशी काय फवारलं याची वही ठेवावी लागते. ती वही खरी असेल तर शेतकऱ्याच्या बाजूनं उभी राहते. आमच्या सहा रकान्यांची वही म्हणजे त्याचीच तालीम होती, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत मला ती शाळेची कटकट वाटत होती.

बाकीचं वर्ष भरभर गेलं. थिअरीचे पेपर पाठ करून लिहिता येतात, त्यात सांगण्यासारखं फार नाही. जॅम केला तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरमध्ये 68 ब्रिक्स (साखरेचं माप) दिसेपर्यंत ढवळत राहिलो, आणि फेब्रुवारीत त्याच उपकरणानं घडातल्या मण्यांची गोडी मोजली. खांद्यावरचा मणी गोड लागतो म्हणून घड तोडायचा नाही, टोकाचाही बघायचा. बेदाण्याच्या शेडवर गेलो, तिथं लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून जाळ्यांवर पसरताना बघितलं. त्या पाण्यानं मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघतं. सांगलीच्या बेदाण्याला पुढं 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या शेडमधला वास आठवला.

ऑन द जॉब ट्रेनिंगला मी एका मोठ्या रोपवाटिकेत होते. काम भरपूर शिकायला मिळालं, पण पहिल्या दिवशी मला आणि माझ्या मैत्रिणीला पिशव्या भरायला बसवलं आणि मुलांना कलमाच्या मांडवात पाठवलं. चौथ्या दिवशी मी मालकांना म्हटलं की आमच्या अभ्यासक्रमात आम्हालाही कलमाचं काम लिहायचं असतं, वहीत तो रकाना कोरा राहील. हे मी वहीच्या आधारानंच बोलू शकले, एरवी माझी हिंमत झाली नसती. त्यांनी आंब्याच्या कोय कलमावर बसवलं. पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं कोवळं रोप, त्याच जाडीची काडी. द्राक्षापेक्षा नाजूक काम. तिथल्या बायका पिशव्या भरताभरता आमच्याकडं बघायच्या. एक जण हळूच म्हणाली, "मलाबी येतंय ते. बघून बघून आलंय." तिला करून दाखवायला सांगितलं तर तिनं एका ओढीत पाचर उतरवली.

त्याच सुमाराला, 2014 च्या फेब्रुवारीत, अण्णांनी मोकळ्या रानातल्या वीस गुंठ्यांत डॉगरिजची रोपं लावली. नऊ बाय पाच फुटांवर, चारशे ऐंशीच्या आसपास. ऑगस्ट उजाडला तसं कलमाच्या टोळीशी बोलणं झालं. मी बारावीत होते. रात्री जेवताना म्हटलं, "अण्णा, एक ओळ मला द्या."

अण्णा बराच वेळ भात कालवत राहिले. एक कलम गेलं म्हणजे ती जागा वर्षभर मागं पडते, हे त्यांना आणि मलाही माहीत होतं. बाग आधीच एकदा गेलेली. आईच बोलली. "टोळीवाल्याचं मेलं तर कोण विचारतंय? तिची एक वळ जाऊ दे." अण्णा म्हणाले, "बांधाकडची घे."

चाळीस खुंटं. मी रविवारी पहाटे सहाला सुरुवात केली. काड्या ओल्या गोणपाटात, गोणपाट सावलीत, सावली सरकली की गोणपाट सरकवायचं. हे काम मी आईला दिलं. आठ वाजता टोळी आली. मुकादमानं थोडा वेळ बघितलं, मग वाकून एका कलमाची पट्टी अंगठ्यानं दाबली आणि काही न बोलता आपल्या ओळीला गेला. साडेनऊला मी थांबले, ऊन लागायला लागलं होतं. राहिलेली अकरा सोमवारी पहाटे केली. शेवटची तीन आईनं केली. चाकू तिच्या हातात दिला तेव्हा तिनं आधी तो पदराला पुसला, मग माझ्याकडं बघून स्पिरिटची बाटली मागितली.

पंचवीस दिवसांनी मोजलं. चाळीसपैकी छत्तीस. आईची तिन्ही जगली. गेलेल्या चारातली तीन बांधाच्या टोकाला होती, तिथं पावसाचं पाणी तुंबलं होतं, खुंटाची मुळंच सडली होती. सप्टेंबर सरायच्या आत त्यांच्या जागी दुसरी रोपं बसवून पुन्हा कलमं केली. चौथं ओळीच्या मधोमध होतं, सतरावं. खुंट हिरवंगार, पट्टी घट्ट, काडी चिरून बघितली तर ओली. त्याच खुंटावर जरा खाली कापून पुन्हा कलम केलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा लागलं. ती वेल आज चांगली पसरली आहे आणि तिच्यावरचा माल इतरांसारखाच उतरतो. वहीत सतराव्यापुढचा शेवटचा रकाना मात्र मी अजून भरलेला नाही.